हळदीखालची त्वचा

ईरा, मागे एकदा व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्याला जवळजवळ नाक टेकवून तू मला डोळ्याखालची एक रेघ दाखवलीस आणि विचारलंस, "आजी, या सगळ्या इंजेक्शनांमध्ये चांगलं कुठलं?" मागे तुझा भाऊ निहार हसत होता. मी म्हटलं, लिहून कळवते. त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी दवाखान्याच्या आठवणी मागितल्या. एका बैठकीत दोन कामं होत असतील तर ती करून टाकावीत ही माझी सवय तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा हे तुम्हा दोघांना लिहिते आहे. वाचकांनी शेजारी खुर्ची ओढून बसावं.

साताऱ्यात माझा त्वचारोगांचा दवाखाना आणि आठवड्यातले दोन दिवस सांगलीला. आयुष्यातली बहुतेक वर्षं नायटा, इसब, कोड, उसाच्या पात्यांनी कापलेले हात आणि फवारणीनंतर अंगावर उठलेली पुरळ यांत गेली. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण इंग्रजीत बोलून कुणाचं इसब बरं झालेलं मी पाहिलं नाही. चेहऱ्याच्या इंजेक्शनांकडे वळले ती उशिरा, बरोबरीचे डॉक्टर दवाखाना मुलांच्या हवाली करत होते त्या वयात. मुंबईला जाऊन रीतसर शिकले. वर्गातले बाकीचे सगळे तुमच्या बाबांपेक्षा लहान होते. परत आल्यावर एक जुने सहकारी म्हणाले, "आता बायकांच्या सुरकुत्या काढणार का?" मी म्हटलं, "पुरुषांच्याही काढीन." आणि काढल्या.

कोरेगावकडच्या एका निवृत्त सुभेदारांची गोष्ट सांगते, म्हणजे पहिला प्रकार कळेल. त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये खोल उभ्या आठ्या होत्या.

"मॅडम, मी नुस्ता गप बसलो तरी घरात समद्यांला वाटतंय मी तापलोय," ते म्हणाले. "नातू जवळ येत न्हाई."

सुरकुत्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. काही चेहरा हलला की पडतात, काही गप्प बसलं तरी तिथेच असतात. हलण्याने पडणाऱ्यांच्या मागे स्नायू असतो. बोटॉक्स म्हणून जे ओळखलं जातं ते औषध त्या स्नायूला काही महिने रजेवर पाठवतं. बैलांच्या मानेवरचं जू उतरवावं तसं. जमीन तीच, पण नांगर चालत नाही, म्हणून सरी पडत नाही. परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो.

सुभेदार महिन्याभराने दाखवायला आले. कपाळ गुळगुळीत, पण चेहरा पडलेला.

"नातू मांडीवरनं उतरत न्हाई आता," ते म्हणाले. "पर बाकी कुणी ऐकंना झालंय. काल गड्याला झापलं, तर त्यो हसला."

"उतरेल आपोआप. मग परत घ्यायचं की नाही ते ठरवा."

आठ्या परत आल्या तसे सुभेदारही परत आले. "टोचा," म्हणाले. "दरारा लय झाला."

दुसरा प्रकार फिलरचा. हे काचेच्या सिरिंजमध्ये भरूनच येणारं पारदर्शक, घट्टसर जेल. वयानुसार चेहऱ्यात खड्डे पडतात, ते याने भरून काढायचे. फरक तिथल्या तिथे दिसतो आणि सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत टिकतो. याच जातीचं पातळ जेलही असतं. त्याने आकार बदलत नाही, त्वचा ओल धरून राहते. आमच्याकडच्या बायकांना मी सांगायची, पहिलं म्हणजे खड्ड्यात माती घालणं आणि हे म्हणजे ठिबक. ऊस आणि द्राक्षांच्या घरातल्या बायका. ठिबक म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. तिसरा प्रकार पावडरीचा. पाण्यात कालवल्यावर ती दुधासारखी दिसते. ती काही भरत नाही, तुमच्याच त्वचेला नवं कोलॅजन तयार करायला लावते. जमीन कसदार व्हावी म्हणून शेतात ताग गाडतात, तसं ते. फळ मिळायला महिने लागतात. चौथ्यात तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, वरचा पिवळा भाग परत टोचायचा. आणि आता सगळीकडे ज्याची चर्चा आहे ते, माशापासून काढलेलं.

माशावरून आठवलं, सांगलीच्या बायकांनी मला एक प्रश्न विचारायला शिकवलं. तिथे माझे निम्मे पेशंट जैन. शेतकरी आणि व्यापारी घरांतले. त्यांचा पहिला प्रश्न किती दिवस टिकेल हा नसायचा. "कशापासनं काढत्यात?" हा असायचा. सुरुवातीला मला उत्तर येत नसे, म्हणून मी औषध कंपन्यांच्या माणसांना विचारू लागले. चकचकीत बूट घातलेली ती मुलं गोंधळून जायची. त्यांना परिणामाचे तक्ते पाठ होते, औषधाचं मूळ माहीत नव्हतं. मी त्यांना उत्तर घेऊनच परत या म्हणून सांगायची. हळूहळू सगळं कळलं. फिलरचं जेल पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता जंतूंकडून आंबवून करतात. बोटॉक्सही जंतूंपासूनच. हे मी एका आजीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जंतू पण जीवच की ओ." त्या दिवसापासून एक ठरवलं. जे टोचायचं ते कशापासून आलं, हे विचारणाऱ्याला खरं सांगायचं. आजवर ते पाळलं आहे. एकदा ते फार जड गेलं, तीच गोष्ट सांगायची आहे.

त्या आजीबाई म्हणजे आक्का. सांगलीजवळच्या एका गावात त्यांची हळदीची शेती आणि व्यापार. त्यांच्या पायावरच्या इसबावर मी बरीच वर्षं औषध देत होते. सोबत नेहमी त्यांची सून सुनंदा यायची. सुनंदा पंचेचाळिशीची, आयुष्यभर उन्हात हळद वाळवण्यावर देखरेख करून चेहरा ओढलेला. एकदा आक्का औषधं आणायला खाली दुकानात गेल्या, तशी ती खुर्ची पुढे ओढून बसली.

"मॅडम, थोरल्याचं लगीन ठरलंय. साखरपुड्यात फोटोवाला मला म्हटला, आजी, तुमी इकडं उभ्या ऱ्हावा. आक्का माझ्या शेजारी उभ्या हुत्या, आणि त्यो मला म्हटला."

मी हसले नाही. हा विनोद नव्हता. तिने नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी दोन बोटांनी दाखवली. "एवढंच भरा."

माझा ठरलेला प्रश्न मी विचारला. "हळद कधी आहे?"

लग्नसराईत कुणीही आलं की वय, आजार, गोळ्या यांच्याही आधी मी हे विचारायची. सांगलीच्या दवाखान्यातली मंदा सिस्टर माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणायची. कारण साधं आहे. इंजेक्शननंतर चेहरा चोळायचा नाही, दाबायचा नाही, सुईच्या भोकांवर काही लावायचं नाही. आणि आमच्याकडची हळद म्हणजे दहा-पंधरा बायका मिळून तोंडाला काय करतात ते तुम्ही तुमच्या मामाच्या लग्नात पाहिलं आहे. शिवाय सूज, काळंनिळं पडणं, काही बिघडलंच तर निस्तरणं, या सगळ्याला अवधी हवा.

"म्होरल्या आठवड्यात," सुनंदा म्हणाली.

"मग आता काही नाही. लग्न उरकून ये, निवांत करू."

"लगीन झाल्यावर काय करायचंय त्याचं?" ती म्हणाली. तेवढ्यात आक्का वर आल्या आणि विषय तिथेच थांबला.

हळदीचं बोलावणं आक्कांनी स्वतः येऊन दिलं होतं, म्हणून मी सकाळीच गेले. अंगणात मांडव होता, घरचीच हळद, रंगाने जवळजवळ केशरी. बायका एकमेकींना धरून माखत होत्या. वरमाईला तर दोघींनी पाटावर दाबून बसवलं होतं. सुनंदा हसत होती, पण डावीकडे हात आला की मान काढून घेत होती.

"दुखतंय व्हय गं?" एकीने विचारलं.

"दात ठणकतोय," सुनंदा म्हणाली.

"मग आणि लाव की. हळदीनं उतरतंय."

आणि त्यांनी नेमक्या त्याच जागी आणखी जाड थर दिला. सुनंदाने डोळे मिटले. दात दुखणाऱ्या माणसाचा हात गालाकडे जातो. तिचा नाकपुडीकडे जात होता.

मी उठून तिच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "कुठे टोचून घेतलंस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हळदीतून ओघळ उतरला. "काल सांजच्याला. पार्लरात. भाईरनं येतोय एकजण सुट्टीच्या दिवशी."

चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. फिलर चुकून एखादीत गेला किंवा तिच्यावर दाबून बसला, की पुढच्या त्वचेचं रक्त थांबतं. त्वचा आधी पांढरी पडते, मग जांभळट जाळी दिसते आणि वेळेत सोडवलं नाही तर ती जागा काळी पडून झडते. हे क्वचित होतं. झालं तर डोळ्यांना दिसतं, आणि हेच त्यातलं सुदैव. पण सुनंदाचं सगळं दिसणं हळदीखाली गाडलं गेलं होतं. दुखतंय म्हणून ज्या मायेने बायकांनी हळद लावली, तिनेच ते झाकलं होतं.

मी तिला न्हाणीघराकडे नेऊ लागले, तशा आक्का वाटेत आल्या.

"कुठं नेताय? नवरदेवाची आंगूळ झाल्याबिगर वरमाईची हळद धुत न्हाईत आमच्यात."

"आक्का, मला तिची त्वचा बघायची आहे. हळदीखालची."

"दात दुखतोय न्हवं तिचा?"

मी सुनंदाकडे पाहिलं. सांगायचं ते तिने सांगायचं होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "आक्का, मी तोंडात सुई घेतली. त्या घडीसाठनं."

आक्कांनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं माहीत नाही. त्या वळल्या आणि बंबातलं पाणी काढू लागल्या.

"नुस्त्या पाण्यानं न्हाई निघत," त्या म्हणाल्या. "खोबरेल आणा रं कुणीतरी."

मग आक्कांनी स्वतः तेलाचं बोट लावून, न दाबता, सुनेच्या गालावरची हळद पुसून काढली. आयुष्य हळदीत गेलेली बाई ती. माझ्या हाताला ते इतकं हलकं जमलं नसतं. पिवळेपणा पूर्ण जाईना, पण त्याखालचं दिसलं. नाकाच्या डाव्या कडेला आणि वरच्या ओठावर पांढुरका पट्टा, त्याच्या काठाने जांभळट जाळी. मी उजव्या गालावर बोट दाबून सोडलं. रंग लगेच परतला. डावीकडे दाबून सोडलं आणि वाट पाहत राहिले.

आता मला एकच गोष्ट हवी होती. आत काय आहे? आपल्याला काय टोचलं हे सुनंदाला माहीत नव्हतं. तिला 'ग्लो इंजेक्शन' एवढंच सांगितलं होतं. फिलरचं जेल असेल तर ते विरघळवणारं औषध असतं. त्या दुधासारख्या पावडरीला उतारा नाही.

"तुझं रक्त काढलं होतं?"

"न्हाई."

"बाटलीत पावडर कालवली? पांढरं दिसत होतं?"

"न्हाई. काचंची सुई डबीतनं काढली, तयारच हुती. आत पाण्यावाणी, पर घट. मधावाणी सरकत हुतं."

इतकं चांगलं उत्तर मला एमडीच्या परीक्षेत कुणी दिलेलं आठवत नाही. मी मंदाला फोन केला आणि सुनंदाला गाडीत बसवलं. आक्का हळदीच्या लुगड्यानिशी शेजारी येऊन बसल्या. मांडवातल्या बायकांना त्यांनी जाताना सांगितलं, "दाढ काढून आणतो. तुमी चालू ठेवा." आमच्याकडच्या बायका 'आणते' म्हणत नाहीत, 'आणतो' म्हणतात.

जेल विरघळवणारं औषध मी फिलर सुरू केल्या दिवसापासून दोन्ही दवाखान्यांच्या फ्रिजमध्ये ठेवत आले. मुदत संपली की टाकायचं, नवं आणायचं. कधी लागलं नव्हतं. मंदा त्याला 'मॅडमचं देवघर' म्हणायची. रोज उघडून बघायचं, वापरायचं काही नाही. त्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा तिने सगळं ट्रेमध्ये मांडून ठेवलं होतं आणि थट्टा केली नाही.

मी बाटली हातात घेतली आणि आक्कांनी विचारलं, "कशापासनं काढत्यात हे?"

मंदा मला बघून मान हलवत होती. सांगू नका, असं म्हणत होती. आणि ईरा, खरं सांगते, तिचं चूक नव्हतं. माझ्यासमोर एका बाईचं नाक होतं आणि घड्याळ चालू होतं. 'माहीत नाही' हे दोन शब्द म्हटले असते तर सुई पुढच्या क्षणी आत गेली असती. पण हा प्रश्न मला शिकवला होता तो याच बायकांनी.

"मेंढ्यापासून, आक्का."

"मारून?"

"मारलेल्या मेंढ्याच्या अवयवातून."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. सूर्यास्तानंतर पाणीही न पिणाऱ्या, कांदा-लसूण न शिवणाऱ्या बाई त्या.

"दुसरं न्हाई?"

"परदेशात मिळतं वेगळ्या तऱ्हेने केलेलं. इथे आत्ता हेच आहे."

"आणि न्हाई टोचलं तर?"

"नाकाची ही बाजू आणि ओठाचा हा भाग काळा पडेल. झडेल. उशीर होतोय."

सुनंदा टेबलावरून उठून बसली. "नगं, आक्का. माझ्या हौसंपायी झालंय. माझं मी भोगीन. तुमच्या घरात हे नगं."

"घर माझं न्हाई, तुझं हाय," आक्का म्हणाल्या. "आणि नाक पण तुझं हाय. ते घालवून कुणाचं भलं हुतंय? गप आडवी हो. ह्या जिवाचं जे काय असंल ते मी माझ्याकडं घेतो. आज पासनं वरीसभर आंबा सोडला."

"तुमी कशाला? मी सोडतो की."

"तुझ्या लेकाचं लगीन हाय. सुनंला आंबा कोण खाऊ घालणार?"

मी सुनंदाला विचारलं, "टोचू? तू बोल." तिने सासूचा हात धरला आणि हो म्हणाली.

मग मी टोचलं, भरपूर, त्या सगळ्या पट्ट्यात. हळूहळू चोळलं. कोमट फडकी ठेवली. थांबून दाबून पाहिलं. परत टोचलं. मध्येच आक्कांनी विचारलं, "आता चोळायला चालतंय व्हय?" मी म्हटलं, "आता चोळायलाच हवं." दुपार कलत असताना ओठाच्या कडेला पहिल्यांदा रंग आला. पिवळ्या डागाखालून गुलाबी. मंदाने तो माझ्याआधी पाहिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. नाकपुडी शेवटी सुटली.

आयुष्यात मी काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मी तो रंग सांगते.

लग्नात सुनंदा सुजलेल्या गालाने आणि पिवळ्या तोंडाने उभी होती. दाढ काढली, असंच सगळ्यांना वाटलं. घडी जिथे होती तिथेच होती. फोटोवाल्याने या वेळी तिला "वरमाई, पुढं या" म्हटलं, ते आक्कांनी त्याला आधीच दमात घेतलं होतं म्हणून. नाकाच्या कडेला एक बारीक डाग राहिला. तो पुसट झाला, पण शोधला तर अजून सापडतो.

पार्लरात जाऊन मी विचारलं तेव्हा तो 'भाईरनं येणारा' सांगलीतून निघून गेला होता. सुनंदाने तक्रार करावी असं मला वाटत होतं. तिला गावभर बोभाटा नको होता. याची खंत आहे.

काही महिन्यांनी दोघी आल्या. सुनंदा काही विचारेना, शेवटी आक्काच म्हणाल्या, "ते सोताच्या रक्ताचं काय असतंय ते सांगा हिला." मी खरं ते सांगितलं. कुणाला गुण येतो, कुणाला फारसा येत नाही, आणि घडी तर भरणार नाही. "असू द्या," आक्का म्हणाल्या. "कुणाचं उसनं तर न्हाई." सुनंदाने ते घेतलं. त्वचा थोडी तुकतुकीत झाली. त्याआधी मी विचारलंच, घरात कुणाची हळद आहे का. तिघीही हसलो.

तर ईरा, चांगलं कुठलं याचं उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. तुझी रेघ हसल्यावरची आहे की गप्प बसल्यावरची, ते आधी आरशात बघ. मग टोचणाऱ्याला विचार, हे कशापासून केलं, आणि बिघडलं तर उतारा तुझ्या फ्रिजमध्ये आहे का. तो फ्रिज उघडून दाखवेल त्याच्याकडे जा. मला विचारशील तर ती रेघ तुझ्या आजोबांची आहे. त्यांना ती फार शोभायची.

त्या लग्नाच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, मी सांगलीचा दवाखाना आवरत होते तेव्हा आक्का पिशवी घेऊन आल्या. पिशवीत सुरी, ताटली आणि आंबे. वर्ष पुरं झालं होतं. पहिली फोड त्यांनी मला दिली, दुसरी मंदाला, मग स्वतः खाल्ली, डोळे मिटून. हात धुऊन पुसता पुसता त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, एका बाटलीला किती मेंढरं लागत्यात ओ?"

"माहीत नाही, आक्का."

"विचारा की कंपनीला."

मी विचारलं. तो मुलगा गोंधळला आणि वरच्यांना विचारून सांगतो म्हणाला. त्यानंतर त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येकाला मी विचारते. आक्कांचा फोन आला की तब्येतीच्या आधी त्या तेवढंच विचारतात, "कळलं का?" आणि मी सांगते, "अजून नाही, आक्का. विचारतेय."